साधा श्वास घ्या

सिंदी मेघे, वर्धा
१२ सप्टेंबर २०२४

चि. ऋचा,

आशीर्वाद आहेतच, पण आज त्यांच्या आधी एक अट. या पत्राचं उत्तर फोनवर द्यायचं नाही. तुझ्या काकूला सगळ्यांचे आवाज ऐकायला आवडतात म्हणून आपल्या घरातला फोन कायम स्पीकरवर असतो, आणि हे तिच्या कानावर जाता कामा नये. उत्तर लक्ष्मणरावांच्या पत्त्यावर पाठव. आमच्याच गल्लीत तिसरं घर. जन्मभर तलाठी होते, तरी माणूस तोंडाचा पक्का आहे.

मला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला आहे. शब्द लिहून पाहिला, कागद काही फाटला नाही. गाठ फार पसरलेली नाही, हाडांत गेलेली नाही. ऑगस्टपासून दर तीन महिन्यांनी पोटात एक इंजेक्शन घ्यायचं आहे. त्याने गाठ दबते आणि माणूसही दबतो. बसल्या जागी अंगातून वाफा निघतात, पायऱ्या चढलो की दम लागतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, इंजेक्शनने ती झोपते, मरत नाही. मारायची असेल तर डिसेंबरच्या सुरुवातीला रेडिएशन सुरू करा. वीस बैठका, सोमवार ते शुक्रवार, चार आठवडे. बरं होण्याची चांगली आशा आहे. नुसत्या इंजेक्शनवर राहिलात तर दोन-चार वर्षांत ती उठून बसेल, तेव्हा मला दोष देऊ नका. हे त्या हसत म्हणाल्या, पण म्हणाल्या.

आता एकेका बैठकीचा हिशेब बघ. जाणं, पाणी पिऊन लघवी तुंबवून बसणं, नंबर लागणं, येणं. अर्धा दिवस गेला. तुझ्या काकूला अर्धांगवायू होऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून मी तिला दोन तासांच्या वर एकटी सोडलेली नाही. छाया सकाळी येते, पोळ्या-भांडी करते आणि जाते. बाकी उठवणं, आंघोळ, वेणी, जेवण, सगळं माझ्याकडे. आम्हाला मूल नाही हे मी आजवर बोलून दाखवलं नाही, कारण तू होतीस. आता दाखवतो. माणूस कमी पडतं. मी थकलो आहे, ऋचा.

म्हणून इंजेक्शनवरच दिवस काढावेत असं मनात आहे. पण त्यात एक फाटा फुटला. दवाखान्यात एक अभ्यास चालू आहे. गाठीत ऑक्सिजन किती आहे ते सुई न टोचता एमआरआयमध्ये बघतात. मला विचारलं, मी सही केली. तुझंही काम असलंच काहीतरी आहे ना? गाठीला ऑक्सिजन कमी पडत असेल तर बरंच की, शत्रूची रसद तुटली. मला नीट समजावून सांग. पस्तीस वर्षं मी पोरांना शास्त्र शिकवलं, आता तू मला शिकव.

तुझा
श्रीधरकाका


पुणे
२० सप्टेंबर २०२४

प्रिय काका,

पत्र ऑफिसात फोडलं आणि मग जिन्यात जाऊन बसले. रडून झालं, चहा झाला, आता लिहिते आहे. अट मान्य आहे, पटलेली नाही.

तुमचं सगळं उलटं आहे, सर. ऑक्सिजन कमी असलेली गाठ दुबळी नसते, ती जास्त चिवट असते. रेडिएशनला आपलं काम पुरं करायला ऑक्सिजनची साथ लागते. जिथे तो पोचत नाही तो भाग मार खाऊनही जगतो, आणि पुढे तोच पुन्हा वाढतो. म्हणून असे भाग कुठे आहेत हे आधी कळलं पाहिजे. पूर्वी त्यासाठी गाठीत सुई घालावी लागायची, आणि सुई टोचली त्या टोकापुरतंच कळायचं. आता तुम्हाला यंत्रात झोपवतील आणि तोंडावर मास्क लावतील. पहिली काही मिनिटं साधी हवा, मग ऑक्सिजन. दोन्ही वेळा चित्रं घेतात. ऑक्सिजन पोचला तिथे चित्र बदलतं, जिथे नाही बदललं तिथे तो पोचला नाही. तुम्हाला काहीही करायचं नाही. पडून राहायचं आणि साधा श्वास घ्यायचा. पुढेमागे यावरून ठरवता येईल की कुणाला रेडिएशन किती आणि कुठे द्यावं.

आणि हो, या अभ्यासाची चित्रं शेवटी आमच्याकडेच येतात. पाच-सहा ठिकाणांहून. नाव नसतं, नुसता नंबर. दिवसभर मी राखाडी रंगाच्या गाठी बघत असते आणि संध्याकाळी भाजी घेताना वांगीसुद्धा तशीच दिसतात.

काकू चार आठवडे समुद्रपूरला रूपरावमामांकडे राहू शकणार नाही का? सख्खा भाऊ आहे, घर मोठं आहे. आणि काकूला सांगा, काका. नुसत्या इंजेक्शनवर राहायचं हे मला मुळीच मान्य नाही. दिवाळीत येते, तेव्हा समोरासमोर भांडू.

तुमची
ऋचा


सिंदी मेघे
१४ ऑक्टोबर २०२४

चि. ऋचा,

तुझा धडा दोनदा वाचला. नोकरीच्या सुरुवातीला मी हिंगणघाटला होतो, तेव्हा तिथल्या एका जिनिंग कारखान्यात रुईच्या गठाणी पेटल्या होत्या. बंब आले, पाणी मारलं, आग विझली म्हणून सगळे घरी गेले. दाबून बांधलेल्या गठाणीच्या पोटात मात्र ती तशीच धुमसत राहिली, ना तिथे वारा पोचला ना पाणी. चौथ्या दिवशी पुन्हा धूर. तुझं म्हणणं असंच काहीसं ना? मला समजलं. पैकीच्या पैकी मार्क.

नऊ तारखेला माझा तो एमआरआय झाला. सपना नावाची मुलगी होती, फार गोड बोलणारी. पोटावर एक पट्टा बांधला, मास्क लावला आणि दर दोन मिनिटांनी आतल्या स्पीकरवरून सांगायची, बाबा, साधा श्वास घ्या. मी अगदी दगडासारखा पडून होतो. श्वासही साधाच. चित्र उत्तम येणार याची खात्री आहे.

त्याच्या आधीच्या फेरीत तिथे बाकावर एक गृहस्थ भेटले. त्यांनी सांगितलं की काही जणांना पाचच बैठकांत मोकळं करतात. मी मनाशी ताळा जुळवला. माझ्या गाठीत ऑक्सिजन भरपूर निघाला तर ती चिवट नाही, म्हणजे माझंही पाचात भागेल. पाच दिवस छाया दुपारपर्यंत थांबायला तयार आहे. मग सुमतीला सांगायचीही गरज नाही, बँकेत फेऱ्या आहेत म्हणेन. वीस सांगितल्या तर मात्र जमणार नाही. मग इंजेक्शन आहेच.

समुद्रपूरचं पुन्हा काढू नकोस. सुमती माझ्याशिवाय एक दिवस राहायची नाही. तिला कोणत्या कुशीवर कळ येते, डाळ किती पातळ लागते, दुसऱ्याला कसं कळणार? आजकाल मी खोलीबाहेर गेलो तरी तिची नजर दारावर असते.

दिवाळीला येतेस तेव्हा बाकरवडी आण, तिला आवडते.

श्रीधरकाका


पुणे
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय काका,

दिवाळीला आले नाही. फोनवर कामाचं कारण सांगितलं, ते निम्मंच खरं होतं. उरलेलं निम्मं आता लिहिते.

ऑक्टोबरच्या शेवटी माझ्यासमोर नव्या चित्रांचा एक संच आला. नाव नाही, नंबर फक्त. तुमच्या पोटावर जो पट्टा बांधला होता, तो श्वासाची रेघ काढतो. कुठल्याही माणसाची रेघ मिनिटाला चौदा-पंधरा लाटांची असते. या माणसाच्या लाटा मिनिटाला दोन होत्या. चार सेकंद आत, सोळा सेकंद थांबलेला, आठ सेकंद बाहेर. पुन्हा चार, सोळा, आठ. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही चूक नाही. मी आठवीत असताना सिंदी मेघेच्या गच्चीवर मला हे रोज सकाळी कोणी शिकवलं, काका? मी सोळाऐवजी बारावर श्वास सोडला की डोक्यावर टिचकी कोणी मारायचं?

मी वरिष्ठांना सांगितलं की हा रुग्ण माझ्या ओळखीचा असावा आणि संच दुसऱ्याकडे दिला. पण निकाल मला माहीत आहे, आणि तो असा की निकालच नाही. श्वास इतका रोखून धरला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, रक्तवाहिन्या बदलतात. साध्या हवेचं चित्रच साधं राहिलं नाही, तर ऑक्सिजनच्या चित्राशी त्याची तुलना कशी करायची? ते चित्र बाद झालं. चांगलंही नाही, वाईटही नाही.

आणि मुख्य गोष्ट. ही चूक माझीही आहे, मी 'पुढेमागे' असं लिहून सोडून दिलं. या चित्रावरून तुमच्या उपचारात काहीही ठरणार नव्हतं. तो अभ्यास आहे. ज्या कागदावर तुम्ही सही केली त्यात हे लिहिलेलं असतं. प्रश्न दोनदा वाचल्याशिवाय पेन उचलू नका म्हणून आम्हाला दटावणाऱ्या माणसाने तो वाचला नाही. पाच बैठका कुणाला द्यायच्या हे डॉक्टर वेगळ्या गोष्टींवरून ठरवतात, तुमच्यासाठी त्यांनी वीस ठरवल्या आहेत आणि त्या वीसच राहतील.

तुम्ही खोटं लिहिलंत याचा राग नाही. तुम्ही त्या यंत्रात एकटे पडून, सोळापर्यंत मोजत, पास व्हायला बघत होता, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. दिवाळीला तुमच्यासमोर यायला मला धीर झाला नाही. डिसेंबर जवळ आला आहे. काय करायचं ते लिहा.

ऋचा


सिंदी मेघे
१५ नोव्हेंबर २०२४

चि. ऋचा,

चोरी पकडली गेली की चोर आधी रागावतो, तसा मीही दोन दिवस तुझ्यावर रागावलो होतो. आता राग उतरला आहे.

हो, केलं मी. स्पीकरवरून ती पोरगी विनवत होती, आणि मी आत मोजत होतो. प्राणायामाने गाठीत जास्त ऑक्सिजन पोचेल, म्हणून दोन आठवडे रोज सकाळी तयारी केली होती. ही एवढी एक परीक्षा माझ्या हातात आहे असं वाटलं. बाकी काहीच हातात नव्हतं. त्या पोरीचे पाऊण तास वाया घालवले, याची लाज वाटते. तिला जाऊन सांगेन.

आता निर्णय. वीस बैठका मला शक्य नाहीत. हट्ट नाही हा. मी सकाळी साडेपाचला उठतो तेव्हाच थकलेला असतो. इंजेक्शनने हाडं भिजलेल्या गोणपाटासारखी जड झाली आहेत. परवा सुमतीला खुर्चीवरून उठवताना माझा हात सुटला. ती पडली नाही, कॉटवर बसती झाली. मी चार आठवडे अर्धा-अर्धा दिवस बाहेर राहिलो आणि ती पडली, तर बरा होऊन करू काय? इंजेक्शनवर दोन-चार वर्षं मिळतील. तेवढ्यात तिचं सगळं माझ्या हातून होईल. पुढचं पुढे.

डॉक्टरीणबाईंना पुढच्या आठवड्यात नाही म्हणून कळवतो. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं सगळं बरोबर होतं.

श्रीधरकाका


सिंदी मेघे
२३ नोव्हेंबर २०२४

ऋचा बेटा,

मी सांगून राह्यली अन् छाया लिहून राह्यली. माह्या उजव्या हाताचं तुले माहीतच आहे. तुहे काका औषधं आनाले गेले, ते वापस याच्या आत हे संपवाचं आहे.

तुहं मागचं पत्र मी वाचलं. छाया लक्ष्मणरावच्या घरी बी काम करते. त्या दिवशी त्याहिचा गुडघा दुखत होता म्हनून त्याहिनं पाकीट छायाजवळ देल्लं. हे आंघोळीले गेलते, तं तिनं ते माह्या मांडीवर ठेवलं. शिक्का पुन्याचा, अक्षर तुहं, अन् पत्ता लक्ष्मणरावचा. चाळीस वर्सांत मी कोनाचं पत्र फोडलं नाई. हे फोडलं, दातानं. वाचलं, अन् छायाले म्हनलं, भाताच्या शितानं चिकटव अन् लक्ष्मणरावच्याच हातानं येऊ दे. तुह्या काकाले काईच समजलं नाई.

माहं अर्धं अंग गेलं, डोकं नाई गेलं. सारे माह्यासमोर हळू बोलतेत, जशी मी लहान पोट्टी आहो. मी आजारी आहो म्हनून त्याहिनं आजारी पडाचं नाई, हे कोनं ठरवलं? मंगळवारी त्याहिनं डॉक्टरीनबाईले फोन करून नाई म्हनलं. बाथरूमात जाऊन बोलले, नळ सोडून. मले सारं ऐकू आलं.

मी तवाच छायाच्या फोनवरून रूपरावले सांगतलं, मले घेऊन जा. अन् ह्याहिले म्हनलं, मले मायेराले जाऊ द्या, ओल्या तुरीचे सोले खावाचे आहेत. ते म्हने, माह्याशिवाय राहाशील का? मी म्हनलं, राहून पाहाते. त्याहिचा चेहरा असा झाला की मले वाटलं नको जाऊ. पन जाते. उद्या रूपराव गाडी घेऊन येते. माह्या भावजयीले, आनंदाबाईले, सगळं माहीत आहे, तिनं कमोडची खुर्ची बी आनून ठेवली.

डॉक्टरीनबाईले मी फोन लावला होता. त्या म्हनल्या, नऊ डिसेंबरची जागा अजून आहे, रिकामीच ठेवते. आता घरात मी नाई, तं ह्याहिच्याजवळ कारन बी नाई. तू त्याहिले घेऊन जाजो. दिवाळीले नाई आली, ते जाऊ दे. आता येजो. माह्यासाठी नको येऊ. पहिल्या दिवशी तिथं मानसानं एकटं बसू नाई.

मले माहीत आहे हे त्याहिले सांगू नको. सांगाचं तवा मी सांगीन.

तुही काकू
(सही मी डाव्या हातानं केली आहे)
सुमती


सिंदी मेघे
३० डिसेंबर २०२४

चि. ऋचा,

मध्ये नाताळची एक सुट्टी पडली, म्हणून आज पंधरावी बैठक झाली. पाच उरल्या. तू पहिला आठवडाभर त्या बाकावर शेजारी बसलीस, तो बाक आता मला पाठ झाला आहे. यंत्राखाली काहीच होत नाही, घरी आलो की मात्र अंगातलं बळ कोणीतरी काढून नेल्यासारखं वाटतं. लघवीला आग होते, जेवण जात नाही. लक्ष्मणराव डबा आणतात आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहतात. रक्ताची तपासणी तीन महिन्यांनी, तेव्हा काय ते कळेल. डॉक्टरीणबाई आश्वासन देत नाहीत, पण आजकाल माझ्याशी हसून बोलतात. सपनाची माफी मागितली. ती म्हणाली, बाबा, मला वाटलं मशीनच बिघडलं.

तू गेल्यावर घर फार मोठं झालं. पहिले चार दिवस मी नुसता झोपलो. मग जाग आली तेव्हा हाताला काम नव्हतं. अकरा वाजता उठून रिकाम्या कॉटची चादर नीट केली.

काल रविवार, म्हणून समुद्रपूरला गेलो. एसटीत बसायला जागा मिळाली, हिंगणघाटपर्यंत डुलकीही लागली. मनाची तयारी करून गेलो होतो की ती सुकलेली असेल, मला बघून रडेल आणि मग मी तिला सगळं सांगेन. रूपरावच्या अंगणात ती उन्हाला खुर्चीत बसली होती. तुरीच्या शेंगा मांडीवर, एकेक शेंग गुडघ्यांत धरून डाव्या हाताने सोलत होती. निम्मे दाणे मातीत पडत होते, कोंबड्या टिपत होत्या आणि आनंदाबाई तिला काही म्हणत नव्हती. मला बघून म्हणाली, "किती झाल्या?"

तेव्हा मला कळलं की तिला माहीत आहे. पत्र दातानं फोडल्याचंही तिनेच सांगितलं, जराही न लाजता. मला राग यायला हवा होता. मी खाली ओट्यावर बसलो आणि खूप दिवसांनी रडलो. रूपराव बैलांना पाणी दाखवायला म्हणून उठून गेला.

मग मी म्हटलं, सहा तारखेला, सोमवारी, विसावी बैठक होते, मंगळवारी तुला घ्यायला येतो. ती शेंगा सोलत राहिली. म्हणाली, घाई करू नका, संक्रांत होऊ द्या. मी विचारलं, इथे कोणी काही बोललं का. नाही म्हणाली. मग शेंग खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही थकले हे मले दिसत होतं. पन मीबी थकली होती, तुमच्याजवळून सारं करून घेऊ-घेऊ."

इथे ती आंघोळ स्वतः करते, ऋचा. खुर्चीत बसून, एका हाताने, पाऊण तास लागतो. आनंदाबाईला शेताची घाई असते, ती पाणी काढून देते आणि निघून जाते. घास स्वतः घेते, सांडतं. घरी आल्यावरही असंच करू द्याल का, असं तिने मला विचारलं. चाळीस वर्षं बरोबर राहिलेली बाई परवानगी मागितल्यासारखं विचारत होती. मी हो म्हटलं. मग मला राहवलं नाही, मी विचारलं, तीन वर्षांत एकदाही का नाही सांगितलंस?

"कसं सांगू," ती म्हणाली. "तुम्ही किती जीव लावून करून राह्यले होते."

श्रीधरकाका